बोगदा बंद पडला तर वायफायही बंद पडलं पाहिजे

तुमचा प्रश्न असा, की घर आणि दुकान दोन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारे राउटर आहेत, मध्ये वायरगार्ड (दोन राउटरमधला कूटबद्ध बोगदा, म्हणजे व्हीपीएन) चालू झालंय, दुकानातले फोन घरच्या लाइनवरून बाहेर जातायत; तर आता हे सुरक्षित झालं का? माझ्या मते अजून नाही.

वायफायचा पासवर्ड फोनपासून राउटरपर्यंतच राखण करतो. पुढचं काम वायरगार्डचं, आणि ते चोख आहे. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे. पण वायरगार्डचा इंटरफेस (राउटरमधलं बोगद्याचं तोंड) खाली गेला, किंवा राउटर सुरू होताना अजून वर आलेला नसला, तर फोनचा डेटा गुपचूप थेट वॅनवरून, म्हणजे दुकानाच्या उघड्या इंटरनेट लाइनवरून, निघून जातो. म्हणून दुकानातल्या वायफायला वेगळा फायरवॉल झोन (स्वतःचे नियम असलेला गट) द्या आणि त्या झोनला फॉरवर्डिंगची, म्हणजे डेटा पुढे पाठवण्याची, परवानगी फक्त वायरगार्डच्या झोनकडे ठेवा. वॅनकडे अजिबात नको. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बोगद्यातून नेत नसाल तर त्या वायफायवर ते बंद करा. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं, हमखास विसरतो आपण: राउटर स्वतः डीएनएस विचारतो तेव्हा फॉरवर्डिंगचा नियम त्याला लागूच होत नाही. डीएचसीपीमधून (फोन जोडला की त्याला पत्ता देणारी सेवा) फोनना घरच्या राउटरचा पत्ता डीएनएस म्हणून द्या.

आता घड्याळ. यात माझे दोन दिवस गेले आहेत. बहुतेक स्वस्त राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली की वेळ मागे जाते. वायरगार्डच्या प्रत्येक हँडशेकमध्ये (बोगदा जोडतानाची ओळखपाळख) वेळेचा शिक्का असतो आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का पलीकडची बाजू नाकारते. राउटरचा स्वतःचा डिफॉल्ट रूटही (बाहेर जायचा नेहमीचा रस्ता) बोगद्यातूनच असेल तर एनटीपीकडून, म्हणजे इंटरनेटवरच्या घड्याळाकडून, वेळ मिळत नाही. वेळ नाही म्हणून बोगदा नाही, बोगदा नाही म्हणून वेळ नाही! यावर उपाय म्हणजे फक्त वायफायच्या सबनेटसाठी (त्या वायफायवरच्या पत्त्यांचा गट) वेगळं राउटिंग टेबल, म्हणजे रस्त्यांची यादी, करा, राउटरचा स्वतःचा रूट वॅनवरच राहू द्या.

मेसेज जातात पण वेबसाइट अडकतात, असं झालं तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार (बाइटमध्ये), बघा. वायरगार्ड १४२० धरतं. पीपीपीओई लाइनवर (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडली जाणारी) १४१२ करा आणि एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट त्या आकारात बसवणारी फायरवॉलची सोय) चालू ठेवा. दुकानाची लाइन सीजीनॅटमागे (कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देते ती पद्धत) असेल तर तिथून कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा छोटा संदेश, दर २५ सेकंदांनी द्या.

मग फोन दुकानाच्या वायफायवर ठेवून वायरगार्डचा इंटरफेस मुद्दाम बंद करा. एकही पान उघडता कामा नये. उघडलं तर फायरवॉलची फाइल इथे टाका, मी बघतो. नेटवर्कची फाइल मात्र टाकू नका, खाजगी किल्ली तिच्यात असते.