कांट आणि 'इच्छामरण'

प्रश्न असा आला आहे : जर्मन तत्त्वज्ञ कांटने यहुदी धर्माचे 'इच्छामरण' सुचवले, असे एका लेखात वाचले. हा शब्द योग्य आहे का?

नाही. इच्छामरण भीष्मांचे. वर्तमानपत्रांनी तो शब्द इस्पितळातल्या वाटेल त्या मृत्यूला डकवला, म्हणून कांटच्या तोंडी घालायचे कारण नाही. यहुद्यांना इच्छा विचारली होती कोणी? 'दयामरण'ही नको; मूळ शब्दात दयेचा लवलेश नाही.

मूळ ग्रीक 'एउथानासिया', इंग्रजीत 'युथनेशिया'. 'एउ' म्हणजे आपला 'सु', सख्खा भाऊ. 'थानातोस' म्हणजे मृत्यू, आणि खरी गंमत इथे आहे : तो आपल्या 'ध्वान्त'चा नातेवाईक! अमरकोशात अंधाराच्या नावांत ध्वान्त आहे, म्हणूनच सूर्य ध्वान्तारि. ऋग्वेदात इंद्राचा मन्यु, म्हणजे क्रोध, 'अध्वनीत्', म्हणजे माझ्या मते विझला. काही भाषांतरकारांना तिथे 'ध्वनी'तली गर्जना ऐकू येते, मला ती पटत नाही. काही व्युत्पत्तिकारांना 'थानातोस' आणि 'ध्वान्त' यांचे हे नाते पटत नाही. न पटो. विझणे म्हणजे मरणे, म्हणून आपल्याकडे दिव्याबाबतसुद्धा 'विझव' म्हणणे टाळतात, 'दिवा मालव' म्हणतात. जुन्या भाषांना ते नाते ठाऊक होते, असे माझे ठाम मत आहे.

रोमन सम्राट ऑगस्टस कुणी चटकन, यातनांविना गेल्याचे ऐकले की स्वतःसाठी अशीच 'एउथानासिया' मागे, असे रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. कांटचा अर्थ याच घराण्यातला. 1781 मध्ये त्याने हा शब्द शुद्ध बुद्धीच्या मरणाला लावला, 1797 मध्ये नीतीच्या मरणाला, आणि तिथे कंसात स्वतःच 'सौम्य मृत्यू' असा अर्थ दिला. तोच मराठीत घ्या, वाद मिटला.

ज्यावरून प्रश्न आला, ते कांटचे 1798 मधले वाक्य असे : यहुदी धर्माचा सौम्य मृत्यू म्हणजे शुद्ध नैतिक धर्म. म्हणजे कर्मकांड गळून पडावे, नीती उरावी. त्यात 1939 नंतर नाझींनी याच शब्दाआड केलेल्या हत्या वाचणारे काळाचा घोळ करतात. पण कांटला निर्दोष ठरवणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. 1793 मध्येच त्याने लिहिले होते की यहुदी धर्म हा मुळी धर्मच नाही, बाह्य कायद्यांनी बांधलेला राजकीय समाज आहे. 1798 मध्येच दुसऱ्या ग्रंथाच्या एका तळटीपेत त्याने सबंध यहुदी समाजाला फसवणाऱ्यांचे राष्ट्र ठरवले. माणूस हे केवळ साधन नव्हे, असे शिकवणाऱ्याची ही तळटीप! शिवाय यहुदी धर्म म्हणजे ईश्वराने प्रकट केलेला कायदा, हे आधी 1783 मध्ये म्हणाला होता तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन, स्वतः यहुदी, आणि तेही धर्माच्या बचावासाठी. कांटने त्याचीच ढाल तलवार म्हणून वापरली.