इंग्लिशमधलं इनट्रान्झिटिव्ह व्हर्ब (अकर्मक क्रियापद) कसं ओळखायचं?

क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारून बघा, उत्तर मिळालं नाही तर ते इनट्रान्झिटिव्ह. पण मुलं नेमकी इथे फसतात, 'ही स्लेप्ट ऑन द फ्लोअर' मध्ये फ्लोअर दिसलं की त्यालाच ऑब्जेक्ट (कर्म) म्हणतात, अहो ते 'कुठे'चं उत्तर आहे, 'काय'चं नाही, म्हणून स्लीप इथे इनट्रान्झिटिव्हच.

आणि प्लीज लिस्ट पाठ करत बसू नका, कारण एकच व्हर्ब दोन्हीकडे चालतं: 'शी रन्स एव्हरी मॉर्निंग' इनट्रान्झिटिव्ह, 'शी रन्स अ शॉप' ट्रान्झिटिव्ह (सकर्मक), त्यामुळे प्रत्येक वेळी वाक्यच बघायचं. राइज-रेझची जोडी मात्र लक्षात ठेवाच, सूर्य 'रायझेस' (इनट्रान्झिटिव्ह) आणि हात आपण 'रेझ' करतो (ट्रान्झिटिव्ह). बऱ्याच लर्नर्स डिक्शनरीत व्हर्बपुढे आय (इनट्रान्झिटिव्ह) किंवा टी (ट्रान्झिटिव्ह) छापलेलं असतं, अडलात तर तिथे बघा.