रिपोर्ट नॉर्मल, पण झोप नाही: कोंढव्यातल्या परदेशी पेशंटना फॅमिली डॉक्टरने कसं सांभाळावं?

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की पुण्यात कोंढव्यातल्या तुमच्या नव्या दवाखान्यात सुदानी, येमेनी, अफगाण पेशंट डोकेदुखी, धडधड घेऊन परत परत येतात, आणि मानसोपचाराचं नाव काढलं की यायचेच बंद होतात. मीही याच भागात प्रॅक्टिस करतो.

आधी दुभाषा बदला. एका सुदानी बाईंबरोबर त्यांचा दहा वर्षांचा मुलगा यायचा, शाळेत हिंदी शिकलेला. झोप का येत नाही, असं मी विचारलं. आई बराच वेळ बोलली. मुलगा बीपीच्या पट्ट्याचं चिकटणारं टोक उघडत, लावत बसला आणि म्हणाला, "काही नाही, डोकं दुखतं." पुढच्या वेळी अरबी बोलणारी एक विद्यार्थिनी बसवली, तेव्हा कळलं की एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यापासून खार्टूममधल्या भावाचा फोनच लागत नव्हता. हे मी त्या लेकराकडून वदवून घ्यायला निघालो होतो, याचं आजही वाईट वाटतं.

दुसरं, तिकडे काय काय भोगलं ते खोदून विचारू नका. झोप, भूक, रात्री कितीदा उठून फोनवर बातम्या बघता, इथे जवळचं कोण आहे, एवढ्यावरून खूप कळतं. इथलं बोलणं एफआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडे) किंवा घरमालकाकडे जाणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा. व्हिसाची धास्ती असलेला माणूस त्याशिवाय तोंड उघडत नाही. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे.

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली अरबी आणि फारसीत फुकट मिळते. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासा. नववा प्रश्न जीव देण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, तो दुभाष्याच्या संकोचापायी गाळू देऊ नका. तिथे होकार आला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा, पेशंटला एकटं घरी सोडू नका. आणि कृपा करून अल्प्राझोलाम ही घबराटीवरची, झोप आणणारी गोळी लिहून मोकळे होऊ नका. सवय लागते, दुखणं तिथेच राहतं.

"मानसोपचार" हा शब्द मी पहिल्या भेटीत काढतच नाही. आठवड्याने परत बोलावतो, तारीख हाताने लिहून देतो. त्या बाई तिसऱ्या भेटीत स्वतःच म्हणाल्या, कुणाशी बोलता येईल का. हिंदी येत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, चोवीस तास चालू असतो. पहिला फोन तुमच्यासमोरच लावून द्या.