पिल्लाची आई दिसल्याशिवाय ॲडव्हान्स नाही

कोल्हापुरातनं, राजारामपुरीतल्या एका ताईंचं पत्र आलंय. लेक आठवीत, दोन वर्षं लॅबच्या (लॅब्राडॉर कुत्र्याच्या) पिल्लासाठी मागं लागलीय. इन्स्टावर पुण्याचा एक ब्रीडर सापडला, पिल्लू 35 दिवसांचं, म्हणे सगळी लसीकरणं कम्प्लीट, भाव बाजारापेक्षा बराच कमी. तो म्हणतोय आज 5,000 ॲडव्हान्स टाका, बाकीचे हायवेवर तावडे हॉटेलजवळ पिल्लू हातात दिल्यावर, फार्मवर येऊ नका इन्फेक्शन होतं. मिस्टर म्हणतात टाकूया, सासरे म्हणतात कुत्रंच नको. "काय करू?"

अगं, पैसे टाकू नकोस. गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यादेखत काढून दूध पिणारी माणसं आपण, आणि दहा-बारा वर्षं घरात राहणारं जनावर हायवेवर गाडीच्या डिकीतनं घेणार होय?

इन्फेक्शनची भीती खरी आहे, नाही असं नाही, चांगला ब्रीडरपण चप्पल बाहेर काढायला लावतो, हात धुवायला लावतो, पण गेटवरनं का होईना आई आणि बाकीची पिल्लं दाखवतो. जो अजिबातच दाखवत नाही त्याच्याकडं एकतर पिल्लूच नसतंय, फोटो दुसऱ्याचे उचललेले, किंवा कुठनंतरी घाऊक आणलेलं असतंय. आईकडं नीट बघ. हाडं निघालेली, घाबरून कोपऱ्यात बसलेली असली तर पिल्लू कितीबी गोड असूदे, परत ये. "बिचारं सोडवूया" म्हणून घेतलं की त्याच आईला पुढच्या वेळी परत गाभण करतात.

आणि 35 दिवस? 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. नंबर माग. गडबडला तर समजून जा.

सगळ्यात वाईट पार्वो, पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग. लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होतात, म्हणजे घेताना उड्या मारणारं पिल्लू चौथ्या दिवशी सलाईनवर, आणि ब्रीडरचा फोन बंद. लसी सहा-आठ आठवड्यांपासनं सुरू होतात त्यामुळं "35 दिवसांत सगळी लसीकरणं कम्प्लीट" हे शुद्ध थाप. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर बघ, डॉक्टरला स्वतः फोन लाव. "डबल बोन, हेवी हेड" असल्या शब्दांना भुलू नको, ते नुसतं भाव वाढवायला. केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर, म्हणजे जातीची नोंद, देतो म्हणाला तर पिल्लाच्या कातडीखालची मायक्रोचिप तुझ्या डॉक्टरकडं स्कॅन करून नंबर जुळतोय का बघ. पिल्लू घरी आलं की एक-दोन दिवसांत दवाखाना, आणि सगळ्या लसी होईपर्यंत रंकाळ्यावर मिरवायला न्यायचं नाही, लेक कितीबी रडूदे.

मिस्टरांनी गुपचूप पैसे टाकलेच असतील तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, बँकेलापण कळवा, जितका उशीर तितके पैसे हातनं जातात. आणि त्यानंतर "रिफंडेबल इन्शुरन्स", "ट्रान्सपोर्ट चार्ज" म्हणून मागितलं तर एक रुपया नाही.

सासऱ्यांचं ऐकून तरी घे गं. दुपारी घरी तेच असणार, पिल्लाचं मुतणं तेच पुसणार, त्यांना न विचारता लॅब आणलास तर लई अवघड होईल.

आज त्या माणसाला एवढंच टाईप कर: "रविवारी पुण्याला येतो, आई दाखवा, नोंदणी नंबर पाठवा." काय उत्तर येतंय ते मला कळव.