दहावीनंतर नुसतं क्रिकेट?

प्रश्न : मुलगा यंदा दहावी झाला. मध्यमगती गोलंदाज आहे, जिल्ह्याच्या 16 वर्षांखालील संघातून खेळला. आता कॉलेज नको, पुण्याच्या निवासी अकॅडमीत घाला म्हणून हटून बसलाय. फीसाठी कर्ज काढावं लागेल. काय करावं?
– एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : कर्ज काढू नका. जिल्हा संघ, मग महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या निमंत्रित स्पर्धा आणि तिथून राज्याच्या वयोगटातले संघ, असा निवडीचा रस्ता आहे. त्याला अकॅडमीची पावती लागत नाही, विकेटा लागतात. फुटबॉलवेड्या गावातून चिरंजीव जिल्हा संघापर्यंत पोचले, याचं मला कौतुक आहे.

तुमच्याच जिल्ह्यातले सदाशिव पाटील त्याला माहीत आहेत का, विचारा. कोल्हापूरचे, तेही मध्यमगतीच. 1952-53 मध्ये महाराष्ट्राकडून पहिल्याच सामन्यात त्यांनी बलाढ्य मुंबईला 112 धावांत गुंडाळायला हातभार लावला. डिसेंबर 1955 मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी मिळाली. विनू मांकडांनी 223 काढल्या, भारत डावाने जिंकला. पाटलांनी दोन्ही डावांत एकेक बळी घेतला, फलंदाजीत नाबाद 14. वगळावं असं यात काय होतं, मला तरी दिसत नाही. पण पुन्हा बोलावणं आलं नाही. वय होतं 22.

त्यांनी खेळ मात्र सोडला नाही. पुढे कितीतरी वर्षं महाराष्ट्राकडून खेळले, कर्णधार झाले. 36 प्रथम श्रेणी सामन्यांत 83 बळी. 1959 आणि 1961 मध्ये तर इंग्लंडात लँकेशायर लीग ही क्लबांची स्पर्धा गाजवून आले. म्हणजे एवढ्या गुणी माणसाच्या वाट्यालाही भारताची टोपी, म्हणजे देशाकडून खेळायची संधी, एकदाच आली. तुमच्या मुलाचं गणित निव्वळ त्या टोपीवर मांडू नका.

आज रणजी करंडकात, म्हणजे राज्यांच्या संघांच्या स्पर्धेत, नवख्यालाही सामन्याच्या दिवसाला 40,000 रुपये मिळतात, हा आकडा तो तुम्हाला ऐकवेलच. खरा आहे. पण संघात जागा पंधरा-सोळा. त्याखालच्यांना आधार असतो तो सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाचा किंवा रेल्वेच्या भरतीचा, आणि तिथे पदाची शैक्षणिक अट सुटत नाही.

तेव्हा अकरावीला घाला. सायन्सचा अट्टहास नको. प्रॅक्टिकलं आणि सराव दोन्ही ओढताना पोरं मेटाकुटीला येतात. कॉमर्स किंवा आर्ट्स चालेल. प्रवेशाआधी क्रीडाशिक्षकांना भेटून सामन्यांच्या दिवसांची हजेरी कशी धरतात ते विचारा. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती फाइलला लावा, नोकरीच्या वेळी पडताळणी होते. 19 वर्षांखालील गट संपेपर्यंत त्याला मनसोक्त खेळू द्या, मग पुन्हा बसून बोला.

आणि आठवड्याला किती षटकं टाकतो ते वहीत लिहायला सांगा. या वयात जोर लावून टाकणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर होण्याचा धोका असतो. पाठ दुखते म्हणाला तर तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.