नऊवारी 'घातली' की 'नेसली'?

विचारणाऱ्या ताई मुंबईच्या आहेत, लातूरला मैत्रिणीच्या लग्नाला येणारेत. हळदीसाठी शिवलेली नऊवारी भाड्याने घेतलीय. 'मी नऊवारी घातली' असं म्हटल्यावर घरच्यांनी टोकलं, की साडी घालत नसतात, नेसतात. तर बरोबर काय?

माझ्या मते दोन्ही बरोबर, फक्त दोन वेगळ्या कपड्यांसाठी. न शिवलेलं कापड कमरेला गुंडाळून, निऱ्या घालून, खोचून अंगावर बसवलं की ते नेसणं. म्हणून लुगडं नेसतात, पातळ नेसतात आणि पुरुष धोतरही नेसतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. शिवलेलं असेल तर घालतात, चोळी घातली, सदरा घातला, बंडी घातली. फेटा, पटका बांधतात, शाल पांघरतात, पदर घेतात. 'नेसणं'चं मूळ संस्कृतातल्या नि + वस् मध्ये आहे, वस्त्र आणि वसन पण त्याच वस् धातूतले.

आता शिवलेल्या नऊवारीत निऱ्या आधीच टाचलेल्या असतात आणि काष्टाही शिवलेला, पाय घालायचे, कमरेला आवळायचं की झालं, मग तिला 'घातली' म्हणणं अगदी प्रामाणिक आहे. तयार फेट्याचंही तेच, तो टोपीसारखा डोक्यावर घालतात, बांधणं आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं.

पण ताई, लातूरला येतायच तर एकदा खरं लुगडं नेसून बघाच. आमच्याकडे जुन्या बायकांच्या अंगावर इरकल असायचं, कर्नाटकातल्या इलकलचं, लाल रेशमी पदराचं, आणि त्यावर खणाची चोळी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, ते एकटीला पहिल्यांदा जमत नाही, मैत्रिणीच्या आईला किंवा आजीला सांगा 'मला नेसवून द्या', हे क्रियापद पण खास आपलंच. कमरेला गाठ मारायची, निऱ्या खोचायच्या, मग पायांमधून मागे घेऊन कासोटा, हे सगळं त्या बोलत बोलत करतील, आणि कुणी दारातून 'लुगडं नेसायलीस का?' असं विचारलं तर ते आमचं मराठवाडी 'नेसते आहेस का' बरं का.

आणि हो, घरातली हातमागाची पैठणी कुणी शिवायला टाकू नका, मनापासून सांगतो. तिच्या पदरावरचे मोर, मुनिया दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, धागे लोंबत नाहीत, विणायची पद्धतच तशी आहे. ती नेसायचीच वस्तू आहे, कापून टाचली की परत सरळ कापड होत नाही.

अजून एक, तिकडे तांड्यावर गेलात आणि बंजारा बायकांचा पोशाख घालून बघायचा असेल तर तिथे मात्र 'घालणं'च बरोबर, कारण घागऱ्यासारखा फेटिया आणि आरशांची कांचळी दोन्ही शिवलेले, भरतकाम केलेले असतात, फक्त डोक्यावरची ओढणी घेतात. त्याला नुसतं 'लमाणी ड्रेस' म्हणू नका, फेटिया-कांचळी म्हणा, आणि आधी विचारून मगच अंगावर घाला, कारण त्यातलं भरतकाम बऱ्याचदा त्या बाईने स्वतःच्या हाताने केलेलं असतं.

म्हणजे तुमच्या हळदीच्या फोटोखाली 'घातली' लिहा, आणि लग्नाच्या दिवशी कुणी नेसवून दिली तर 'नेसले'.