क्लास लावू की कारखान्यात जाऊ?

प्रश्न : सर, मी कळव्याला राहते. ठाण्यात मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला डिझाइनमध्येच जायचंय. चौथ्या सेमिस्टरनंतरच्या ट्रेनिंगसाठी रबाळ्याच्या एका मशीन शॉपमध्ये जागा मिळतेय, पण काम क्वालिटीत, म्हणजे दिवसभर पार्ट मोजायचे. मैत्रिणी म्हणतात, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट कुठूनही मिळेल, तू सॉलिडवर्क्सचा (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायच्या सॉफ्टवेअरचा) क्लास लाव. आईलाही कारखाना नको वाटतो. काय करू?

उत्तर : रबाळ्याला जा. डिझाइनच करायचं म्हणतेस ना, म्हणून तर नक्की जा.

वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये आणि पुढे महापेच्या डिझाइन ऑफिसात माझी नोकरी झाली. मुलाखतीला आलेल्या मुलांच्या हातात मी ६२०५ नंबरचं बेअरिंग द्यायचो आणि ते बसेल अशा शाफ्टचं ड्रॉइंग कागदावर काढायला सांगायचो. भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. बहुतेक जण शाफ्टवर २५ लिहून मोकळे व्हायचे. नुसत्या २५ वर लेथवरच्या टर्नरने काय करायचं? किती कमी-जास्त चालेल, तेच लिहिलेलं नाही.

शाफ्ट फिरता असेल तर साधारण लोडला तिथे के ६ फिट देतात, बेअरिंग किंचित घट्ट बसेल असं. म्हणजे शाफ्ट २५.००२ ते २५.०१५ च्या मध्ये हवा, फरक अवघा १३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). कॉलेजातल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वात लहान माप) ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. त्याने हा शाफ्ट पास की रिजेक्ट, सांगताच येणार नाही. मायक्रोमीटर घ्यावा लागतो, आणि त्याच्या टोकाच्या रॅचेटचा कट-कट आवाज आला की थांबावं लागतं. थिंबल (फिरवायची नळी) जोरात पिळलास की माप कमी येतं. ग्राइंडिंगवरून नुकता उतरलेला शाफ्ट दहा अंशांनी जरी गरम असला, तरी जवळजवळ ३ मायक्रॉन जास्त दाखवतो. हे एकदा हाताला कळलं की ड्रॉइंगवर टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ती मर्यादा) टाकताना पेन आपोआप थबकतं. उगाच घट्ट टॉलरन्स दिला तर टर्निंगवर भागणारं काम ग्राइंडिंगला जातं आणि पार्ट महाग होतो.

आणखी एक बघ. ६२०५ च्या आतल्या कडेला निदान १ मिमीची गोलाई असते. शाफ्टच्या शोल्डरला (बेअरिंग जिथे टेकतं त्या पायरीच्या कोपऱ्यात) त्याहून मोठी रेडियस दिलीस तर बेअरिंग शोल्डरला टेकतच नाही. स्क्रीनवर असेंब्ली मात्र सुरेख दिसते! मिलिंग कटर गोल असतो, त्यामुळे पॉकेटचा (पार्टमध्ये कोरलेल्या खळग्याचा) आतला उभा कोपरा काटकोनी निघत नाही, तोही सॉफ्टवेअर बिनतक्रार काढून देतं. असे पार्ट परत आलेले बघायची जागा म्हणजे क्वालिटीचं टेबल. तुला नेमकं तेच मिळतंय.

सर्टिफिकेट ‘कुठूनही’ आणायचा विचार डोक्यातून काढ. ते खोटं आहे, आणि मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं.

आईची काळजी रास्त आहे. रुजू होण्याआधी त्यांना घेऊन एकदा जाऊन ये. ठाण्याला गाडी बदललीस की ट्रान्स-हार्बरने रबाळे फार लांब नाही. शिफ्टची वेळ, बायकांसाठी स्वच्छतागृह, आणखी किती मुली आहेत, हे तिथेच स्पष्ट विचारा. सेफ्टी शूज घे, केस घट्ट बांध, ओढणी नको. चालू लेथजवळ हातमोजे कधीही घालू नकोस.

ड्रॉइंगचे फोटो काढू नकोस, ड्रॉइंग ग्राहकाची असतात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधलं प्रोजेक्शनचं चिन्ह (पार्टच्या बाजू कागदावर कुठे मांडल्यात ते सांगणारं) मात्र आधी बघ. आपण कॉलेजात फर्स्ट अँगल शिकतो, पण अमेरिकी ग्राहकाचं ड्रॉइंग बहुधा थर्ड अँगल असतं आणि घाईत पार्ट उलटा बनतो. रिजेक्ट झालेल्या पार्टचं कारण रोज वहीत लिही आणि ऑपरेटरलाच विचार, ‘दादा, हे कशाने झालं?’

सॉलिडवर्क्स लागणारच आहे, पण ते ट्रेनिंगनंतर शिकलीस तरी उशीर होणार नाही. तोवर कॉलेजच्या कॅड लॅबमध्ये हात चालू ठेव.